बॅट पुढे होती म्हणजे शॉट खेळला, असं नाही

भोसरी-चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे गुरुवारी सकाळी मैदानं भरलेली असतात. टेनिस बॉलच्या बहुतेक स्पर्धांत एलबीडब्ल्यू धरतच नाहीत, म्हणून तिथे हा वाद होत नाही. पण लेदर बॉल हातात आला, मग सामना कंपनीच्या दोन विभागांतला असो की अकादमीच्या मुलांचा, एक वाक्य ऐकू आल्याशिवाय डाव संपत नाही : ‘ऑफच्या बाहेर लागलाय, एलबी कसा देता?’ पंचाने बोट वर केलेलं असतं, फलंदाज क्रीज सोडत नाही आणि सीमारेषेवरून दहाजण एकदम तेच ओरडत असतात. इतकी वर्षं क्रिकेट पाहणाऱ्या, खेळणाऱ्या आणि मुलांना शिकवणाऱ्या माणसांनीही हा नियम अर्धाच पाठ केलेला असावा, याचा मला खरोखर त्रास होतो.

अर्धा म्हणण्याचं कारण असं. फलंदाज शॉट खेळत असताना चेंडू ऑफ स्टंपच्या रेषेबाहेर पॅडला लागला, तर तो पायचीत होत नाही. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण क्रिकेटच्या नियमावलीतला 36 वा नियम तिथे थांबत नाही. चेंडू बॅटने खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न फलंदाजाने केला नाही असं पंचाचं मत असेल, तर चेंडू ऑफच्या बाहेर पॅडला लागला तरी तो बाद होऊ शकतो. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर पडलेला नसावा आणि पॅड मध्ये आलं नसतं तर चेंडू स्टंपवर गेला असता, या अटी राहतातच. म्हणजे शॉट न खेळणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. चेंडू स्टंप चुकवून जाणार असेल, तर फलंदाज खुशाल पॅड लावू शकतो.

हे जवळून पाहू. ऑफस्पिनर उजव्या हाताच्या फलंदाजाला टाकतोय. टप्पा ऑफच्या बाहेर, चेंडू आत वळतोय. फलंदाज पुढचा पाय लांब टाकतो, पॅड चेंडूच्या वाटेत आडवं घालतो आणि बॅट पॅडच्या मागे, पॅडला चिकटवून धरतो. चेंडू गुडघ्याजवळ लागतो, ऑफ स्टंपच्या पाच-सहा इंच बाहेर. तो तसाच वळत राहिला असता तर मधल्या स्टंपवर जाणार होता. या घडीला चेंडूचा वेग, टप्पा, वळण सगळं एका बाजूला राहतं आणि निकाल एकाच प्रश्नावर येतो : याला बॅटने खेळायचं होतं का?

दुसरा गैरसमज इथूनच निघतो आणि तो पहिल्याहून चिवट आहे. ‘बॅट पुढे होती की! मग शॉट नाही कसा?’ बॅट पुढे असणं आणि बॅटने खेळायचा प्रयत्न करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅट पॅडच्या किती पुढे हवी, किती अंशात हवी, असं माप नियमात कुठेही नाही. चेंडूपासून बॅट हातभर लांब राहिली तरी तो प्रामाणिक प्रयत्न असू शकतो. वळण चुकीचं वाचलं, फसला, पण खेळत होता. उलट बॅट पॅडच्या शेजारी रुबाबात उभी असून ती चेंडूकडे गेलीच नसेल, तर तो देखावा आहे. आमच्याकडची मुलं हा देखावा लवकर शिकतात. पॅड लावायचं आणि चेंडू पॅडला आपटून खाली पडल्यावर बॅट हलवायची. पंचाचं लक्ष चेंडू लागण्याआधीच्या बॅटवर असतं : ती चेंडूच्या रेषेकडे येत होती, पॅडच्या आड लपत होती, की शेवटच्या क्षणी मागे ओढली गेली? पंच पाहतो तो माणसाचा हेतू आणि तोही सेकंदभराच्या आत, नो-बॉलची रेषा तपासून नजर वर उचलल्यानंतर. गुणवत्ता तपासणीच्या टेबलावर ‘गो–नो गो’ गेज असतो; ‘गो’ बाजू बसली आणि ‘नो गो’ अडली तर भाग पास, नाहीतर नापास. पंचाच्या हातात हेतूचा असा गेज कुणी दिलेला नाही. म्हणूनच हा निर्णय त्याच्या मतावर सोपवला आहे. हे पळवाट म्हणून झालेलं नाही, दुसरा मार्ग नव्हता म्हणून झालं आहे.

नियम असा का झाला, हे कळलं तर निम्मी चिडचिड कमी होईल. पायचीतचा नियम पहिल्यांदा 1774 मध्ये आला तेव्हा तो हेतूवरच बेतलेला होता : चेंडू अडवण्याच्या इराद्याने पाय स्टंपसमोर घातला तर बाद. 1788 च्या दुरुस्तीत हेतू गेला आणि भर चेंडूच्या रेषेवर आला. पुढे 1930 च्या दशकात ऑफच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवरही पायचीत देता येऊ लागलं; पण पॅडला चेंडू स्टंपच्या रेषेत लागायला हवा, ही अट राहिली. फलंदाजांनी त्या अटीत घर बांधलं. 1957 मध्ये एजबॅस्टनच्या कसोटीत वेस्ट इंडीजच्या सोनी रामाधिनने पहिल्या डावात 49 धावांत 7 बळी घेतले. दुसऱ्या डावात पीटर मे आणि कॉलिन काउड्री यांनी पुढचा पाय ऑफच्या बाहेर टाकून त्याचा चेंडू पॅडवर घ्यायला सुरुवात केली. चौथ्या विकेटसाठी 411 धावांची भागीदारी झाली, मे नाबाद 285, काउड्री 154. रामाधिनने त्या एका डावात 98 षटकं टाकली. अपिलं करून घसा कोरडा पडला, पण या जोडीविरुद्ध पायचीत मिळालं नाही. कारण नियमानुसार ते नाबादच होते. पॅडने खेळणं हा क्रिकेटचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत सुरक्षित मार्ग झाला होता. 1970 नंतर शॉट न खेळणाऱ्याचं संरक्षण काढून घेणारी दुरुस्ती आली आणि 1980 च्या नियमावलीत ती पक्की झाली. दोनशे वर्षांपूर्वी बाहेर काढलेला हेतू असा परत आत आला. ही दुरुस्ती गोलंदाजाला न्याय देते आणि मला ती नियमावलीतल्या सर्वांत शहाण्या दुरुस्त्यांपैकी एक वाटते.

हाच हेतू पंच आणखी एका ठिकाणी तपासतो आणि तिथलं अज्ञान तर याहून मोठं आहे. लेग बाय. पॅडला लागून चेंडू थर्ड मॅनला गेला, दोघं धावले, पंचाने डेड बॉलची खूण केली आणि फलंदाजांना परत आपापल्या टोकाला पाठवलं, की मैदानात गोंधळ सुरू होतो. स्कोअररही पेन खाली ठेवून भांडायला येतो. नियम 23 सरळ आहे : फलंदाजाने बॅटने खेळण्याचा प्रयत्न केला असेल किंवा चेंडू अंगाला लागू नये म्हणून तो चुकवत असेल, तरच लेग बाय मिळतो. नुसतं पॅड लावून धावलात तर धाव नाही. पंच लगेच खूण का करत नाही, असंही विचारतात. त्याने थांबायचंच असतं. पहिली धाव पूर्ण झाली किंवा चेंडू सीमेपार गेला की मग डेड बॉल द्यायचा, कारण तोवर क्षेत्ररक्षकांना धावबाद करण्याची संधी हवी. ज्या चेंडूवर पंचाने लेग बाय नाकारला, तोच चेंडू स्टंपवर जाणारा असता तर त्याच कारणाने त्याने पायचीत दिलं असतं. दोन्ही निर्णय एकाच निरीक्षणातून येतात.

हेतू ओळखण्याचं हे ओझं फक्त क्रिकेटच्या पंचावर आहे असंही नाही. बेसबॉलमध्ये फलंदाज बॅट फिरवायला सुरुवात करून मधेच हात आवरतो. फिरवली असेल तर स्ट्राइक, आवरली असेल आणि चेंडू बाहेरचा असेल तर बॉल. टीव्हीवर बघणारे ठामपणे सांगतात की बॅट प्लेटच्या पुढे गेली किंवा मनगट वळलं की स्ट्राइक. अमेरिकेच्या मेजर लीगच्या नियमपुस्तकात यातलं काहीही नाही. फलंदाजाने चेंडूवर बॅट चालवली का, एवढंच पंचाने ठरवायचं. होम प्लेटमागच्या पंचाला बॅट नीट दिसत नाही, म्हणून तो पहिल्या किंवा तिसऱ्या बेसवरच्या पंचाकडे बोट करून विचारतो. 2024 च्या अॅरिझोना फॉल लीगमध्ये कॅमेऱ्याने हे मोजून आव्हान देण्याचा प्रयोग झाला. पुढच्या हंगामात खालच्या पातळीच्या एका लीगमध्ये तो पुढे नेला आणि त्यासाठी 45 अंशांची रेषा आखली. म्हणजे यंत्राला काम द्यायचं तर आधी हेतू सोडून कोन धरावा लागला. क्रिकेटने अजून तसं केलेलं नाही.

आता गहुंजे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या आपल्या स्टेडियमवर या सगळ्याची प्रात्यक्षिकं झालेली आहेत. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथे झालेली पहिली कसोटी भारत ऑस्ट्रेलियाकडून 333 धावांनी हरला. स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6-6 बळी घेतले. दुसऱ्या डावात विराट कोहलीने ओकीफचा एक चेंडू बाहेर जाईल असं समजून सोडला आणि तो सरळ येऊन स्टंपवर आदळला. त्रिफळा उडाला म्हणून कुणी वाद घातला नाही. तोच चेंडू ऑफच्या बाहेर टाकलेल्या पॅडला लागला असता आणि पंचाने बोट वर केलं असतं, तर हेच प्रेक्षक ‘बाहेर लागलाय’ म्हणून ओरडले असते. त्याच डावात मुरली विजय आणि के. एल. राहुल या दोन्ही सलामीवीरांनी पायचीतचे निर्णय आव्हान देऊन पाहिले, दोन्ही आव्हानं वाया गेली आणि नंतरच्यांसाठी काही उरलं नाही.

गहुंजेच्या नावाने दुसरा वाद निघतो तो अंपायर्स कॉलचा. ऑक्टोबर 2024 च्या न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत कोहली 17 वर असताना मिचेल सँटनरने त्याला पायचीत केलं. कोहलीने रिव्ह्यू घेतला, चेंडू स्टंपला जेमतेम लागताना दिसला, मैदानावरचा निर्णय कायम राहिला. ‘मशीन एक सांगतं, पंच एक सांगतो’ हे तेव्हापासून पुन्हा सुरू झालं. मशीन पुढचा मार्ग अंदाजाने काढतं. पॅडला लागल्यानंतरचा चेंडू कुणी पाहिलेला नसतो. चेंडूचा निदान निम्मा भाग स्टंपच्या क्षेत्रात येणार असेल तरच पंचाचा नाबादचा निर्णय उलटतो, आणि कड जरी लागत असेल तरी बादचा निर्णय टिकतो. मार्च 2021 मध्ये गहुंजेतच इंग्लंडविरुद्धची एकदिवसीय मालिका सुरू होण्याच्या तोंडावर कोहलीने या नियमाने गोंधळ होतो अशी तक्रार केली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत अनिल कुंबळेंच्या अध्यक्षतेखालच्या आयसीसीच्या क्रिकेट समितीने विचार करून अंपायर्स कॉल ठेवला, फक्त उंचीची मर्यादा स्टंपच्या टोकापर्यंत वाढवली.

बाकीचे गैरसमज एकेका ओळीत. लेगच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर शॉट खेळला नाही तरी पायचीत नाही. बॅट धरलेल्या हाताच्या ग्लोव्हला आधी लागलेला चेंडू बॅटला लागलेलाच धरतात. पाय पुढे खूप टाकला म्हणून कुणी आपोआप नाबाद ठरत नाही. अंतर वाढलं की खात्री कमी होते, एवढंच. अपील झालं नाही तर पंच पायचीत देऊ शकत नाही, कितीही ढळढळीत असलं तरी. ‘संशयाचा फायदा फलंदाजाला’ हा पंचांनी पाळायचा संकेत आहे, फलंदाजाने मागायचा हक्क नाही.

आयसीसीच्या 2021 च्या त्याच निर्णयांतला एक बदल मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. पायचीतचा रिव्ह्यू घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी खेळाडू आता मैदानावरच्या पंचाला विचारू शकतो : फलंदाजाने शॉट खेळण्याचा प्रयत्न केला असं तुम्ही धरलंय का? कारण ते उत्तर कळल्याशिवाय ऑफच्या बाहेर लागलेल्या चेंडूवर रिव्ह्यूला अर्थच राहत नाही आणि ते उत्तर कुठल्याही कॅमेऱ्याकडे नसतं. आपल्याकडच्या मैदानांवर रिव्ह्यू नाही, पण प्रश्न विचारायला कुणाची बंदी नाही. षटक संपल्यावर कर्णधाराने पंचाजवळ जाऊन ‘शॉट धरला होता का?’ एवढं विचारलं, तर बहुतेक पंच एका शब्दात सांगतात. आपल्या गोलंदाजाला पुढच्या षटकात टप्पा कुठे टाकायचा, हे त्या एका शब्दावर ठरवता येतं.