‘द सूनर, द बेटर’चे व्याकरण

इंग्रजीच्या रोजच्या व्यवहारात सर्रास ऐकू येणाऱ्या ‘द सूनर, द बेटर’ किंवा ‘द मोअर यू रीड, द मोअर यू नो’ यांसारख्या वाक्यांना शालेय व्याकरणाचे नियम लावू गेल्यास ते पहिल्याच पायरीवर अपुरे पडतात. पहिल्या वाक्यात कर्ता नाही, क्रियापदही नाही, तरी ते पूर्ण विधान ठरते. आणि दोन्ही वाक्यांत ‘द’ आहे, परंतु त्याच्या पाठोपाठ नाम न येता तुलनादर्शक रूप येते. याचे कारण असे की, हा ‘द’ मुळात उपपद नव्हेच. जुन्या इंग्रजीत नामा-सर्वनामांना विभक्ती होत्या, आणि ‘ते’ या अर्थाच्या दर्शक सर्वनामाचे करणवाचक रूप, म्हणजे मराठीतील तृतीयेप्रमाणे ‘त्यायोगे’ असा अर्थ देणारे रूप, या रचनेत टिकून राहिले. ‘नेव्हरदलेस’ या शब्दाच्या पोटातला ‘द’ही तोच आहे, ही गोष्ट इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते. ‘द मोअर, द मेरियर’ ही म्हण तर जॉन हेवूड यांच्या 1546 च्या म्हणीसंग्रहातच आढळते.

दोन्ही अर्धांना एकच ‘द’ असल्यामुळे कोणता अर्ध कारण आणि कोणता परिणाम, हे इंग्रजीत केवळ क्रमावरून ठरते. ‘जितके वाचाल तितके कळेल’ हे वाक्य मराठीत ‘तितके कळेल, जितके वाचाल’ असे उलटवले तरी अर्थ बदलत नाही, कारण ‘ज’ आणि ‘त’ आपापली जागा सांगत राहतात. इंग्रजीतील दोन अर्धांची मात्र अदलाबदल केली, तर ‘जितके कळेल तितके वाचाल’ असे वेगळेच विधान हाती येते. परिणाम आधी सांगायचा असेल, तर त्या अर्धातला ‘द’ काढून ‘यू नो मोअर, द मोअर यू रीड’ अशी साधी वाक्यरचना करावी लागते.

अशा रचनांचे काय करावे, हा विसाव्या शतकातील भाषाविज्ञानापुढचा खरा पेच होता. नोम चॉम्स्की यांनी भाषेचा नियमबद्ध ‘गाभा’ आणि अपवादांचा ‘परिघ’ असा भेद केला व सिद्धान्ताचे लक्ष गाभ्यावर ठेवले. बर्कली येथील चार्ल्स फिल्मोर यांनी नेमका परिघच अभ्यासाला घेतला. पॉल के आणि मेरी कॅथरीन ओकॉनर यांच्यासह 1988 मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात त्यांनी मुख्यतः ‘लेट अलोन’ या प्रयोगाचे विश्लेषण केले, ‘द मोअर’च्या रचनेचीही दखल घेतली, आणि असे दाखवले की वाक्याचा साचाच स्वतःचा अर्थ बाळगतो, जो त्यातील शब्दांचे अर्थ आणि सर्वसाधारण नियम यांच्या बेरजेतून निघत नाही. रूप आणि अर्थ यांच्या अशा जोडीला ‘रचना’ म्हणतात, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या शाखेला रचना-व्याकरण. याच फिल्मोर यांनी 1968 मध्ये क्रियेशी असलेल्या नात्यांवरून वाक्याची उकल मांडली होती, जिचे पाणिनीच्या कारकविचाराशी असलेले साम्य संस्कृत जाणणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. चॉम्स्की यांचे नाव सर्वतोमुखी व्हावे आणि 2014 मध्ये निवर्तलेल्या फिल्मोर यांचे भाषाविज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेऊ नये, हा अन्याय आहे.

त्यांनी निवडलेल्या परिघाचे मोल आता संगणकाच्या क्षेत्रातही कळू लागले आहे. 2022 मध्ये लिओनी वाइसवायलर आणि सहकाऱ्यांनी बर्ट, रोबर्टा आणि डेबर्टा या तीन भाषा-प्रतिमानांची, म्हणजे प्रचंड मजकुरावरून शब्दांचे अंदाज बांधायला शिकलेल्या संगणकीय प्रणालींची, याच रचनेवर परीक्षा घेतली, तेव्हा तिन्ही प्रतिमानांना साचा ओळखता आला, परंतु त्याच्या अर्थाचा उपयोग करून पुढचा निष्कर्ष काढणे जमले नाही. नंतरची प्रतिमाने पुष्कळ मोठी आहेत. तरीही ‘यंत्राला व्याकरण समजते’ असा दावा वाचनात आल्यास, परीक्षा साचा ओळखण्याची होती की अर्थ वापरण्याची, हे वाचकांनी आधी तपासून पाहावे.