तालुक्याचा संगणक (लेखांक ६) : वीस मशीनची एकच उत्तरपत्रिका

नांदेडच्या किंवा लातूरच्या जिल्हा न्यायालयात पुढच्या तारखेची चौकशी करायला गेलात, तर खिडकीआडच्या कर्मचाऱ्याच्या पडद्याकडे जरा निरखून पाहा. तिथे विंडोज नसण्याचीच शक्यता जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ मध्ये न्यायालयांच्या संगणकीकरणाचा आराखडा केला, २००७ पासून ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि जिल्हा न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा रस्ता धरला गेला. न्यायव्यवस्थेच्या गरजेप्रमाणे बेतलेली उबुंटू लिनक्स त्यातूनच आली. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली तर एनआयसीच्या पुण्यातल्या चमूने बांधली. म्हणजे ‘लिनक्स हे इंजिनिअरिंगच्या पोरांचं काम’ असं म्हणणाऱ्या बाबूंच्या शेजारच्याच इमारतीत बेलिफापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे ते वर्षानुवर्षं वापरत आहेत.

हा दाखला देण्याचं कारण असं की, गेल्या आठवड्यात पेनड्राइव्हवरून एका मशीनवर लिनक्स टाकलं, तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न आला असणार : एका मशीनचं ठीक आहे, वीस मशीनचं काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मराठवाड्यातल्या शाळा, महाविद्यालयं, पतसंस्था, नगर परिषदा यांच्याकडे चालती-बोलती पण या परीक्षेत नापास होणारी मशीन ढिगाने आहेत. ती भंगारात काढण्याआधी त्यांच्यावर लिनक्स चढवून पाहावं, हे माझं मत या मालेत आधीही येऊन गेलं आहे.

समजा, उदगीरच्या एका कार्यालयात वीस संगणक आहेत. पेनड्राइव्ह घेऊन मशीनमागून मशीन फिरलं तर काम होतं, पण प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्न येतात : भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कुठली, वापरकर्त्याचं नाव काय, डिस्कचे भाग कसे पाडायचे. पाचव्या मशीनपर्यंत माणूस नीट उत्तरं देतो. बाराव्याला चहा आलेला असतो. मग एका मशीनची वेळ लंडनची लागते, दुसऱ्यावर मराठी कळफलक राहून जातो, तिसऱ्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. यावरचा उपाय म्हणजे पेनड्राइव्हऐवजी नेटवर्कवरून लिनक्स टाकणं, आणि त्याचा खरा फायदा वेग हा नाहीच. उत्तरपत्रिका एकदाच, शांतपणे लिहायची आणि वीस जणांनी तीच उतरवायची, हा तो फायदा आहे. लातूरकरांना हा पॅटर्न परीक्षेत मान्य होणार नाही, इथे मात्र तोच बरोबर.

ही उत्तरपत्रिका म्हणजे साधी मजकुराची फाइल. डेबियनच्या घराण्यात तिला प्रीसीड म्हणतात, रेड हॅटकडे किकस्टार्ट, आणि उबुंटूने सर्व्हरसाठी २०२० च्या २०.०४ आवृत्तीपासून ऑटोइन्स्टॉल आणलं. जुन्या मशीनसाठी मी डेबियनकडे झुकतो, त्याला कारण आहे. उबुंटूची नवी पद्धत नेटवर्कवरून चालवताना आख्खी आयएसओ फाइल मेमरीत उतरवून घेते. चार जीबी रॅमच्या मशीनला ते पेलत नाही. डेबियनचा नेटवर्कवरचा इन्स्टॉलर लहानसा असतो आणि लागेल तेवढंच मागून घेतो.

आता ज्या मशीनच्या डिस्कवर काहीच नाही, ते ही फाइल मागतं तरी कसं? नेटवर्क कार्डाच्या पोटात पीएक्सई नावाचा छोटा प्रोग्राम असतो. इंटेलने नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याचं तपशीलपत्रक काढलं, त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ ची. मशीन सुरू करताना बऱ्याच कंपन्यांत एफ १२ दाबलं की ‘नेटवर्क बूट’चा पर्याय दिसतो. तो निवडला की कार्ड सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतं : मला पत्ता द्या, आणि सुरू व्हायला काय वाचू तेही सांगा. पत्ता देणारी सेवा म्हणजे डीएचसीपी. ती आयपी पत्त्याबरोबर दोन गोष्टी कळवते : फाइल कुठल्या सर्व्हरवर आहे आणि फाइलचं नाव काय. मग कार्ड टीएफटीपी या फाइल आणण्याच्या पद्धतीने ती फाइल आणतं. ती फाइल मेनू दाखवते, मेनूतून लिनक्सचा कर्नल आणि प्राथमिक फाइलसंच मेमरीत येतो, इन्स्टॉलर जागा होतो, उत्तरपत्रिका वाचतो आणि कामाला लागतो.

टीएफटीपीबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण पुष्कळ ठिकाणी काम इथेच अडतं. ही पद्धत १९८१ ची आहे. ती फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करते, एक तुकडा पाठवते, ‘मिळाला’ अशी पोच येईपर्यंत थांबते, मग दुसरा पाठवते. चाळीस एमबीच्या फाइलचे असे जवळपास ८२ हजार तुकडे होतात. त्यात तुकड्याचा क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३५ च्या पुढे मोजणीच नाही. म्हणून जुन्या सर्व्हरवर ३२ एमबीहून मोठी फाइल मध्येच गचके खाते आणि माणूस केबल बदलत बसतो. तुकड्याचा आकार वाढवायची सोय १९९५ मध्ये आली. त्याहून बरा उपाय म्हणजे टीएफटीपीने फक्त पहिली छोटी फाइल आणायची आणि मोठा माल आयपीएक्सई किंवा ग्रब या बूट प्रोग्रामांकरवी एचटीटीपीने ओढायचा.

या सगळ्यासाठी महागडा सर्व्हर लागत नाही. जुना लॅपटॉप पुरतो. त्यावर डीएनएसमास्क नावाचा प्रोग्राम घातला की डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही एकाच जागी मिळतात. पण सावध. कार्यालयात आधीपासून ब्रॉडबँडचा राउटर असतो आणि तोही पत्ते वाटत असतो. एकाच नेटवर्कवर दोघं पत्ते वाटू लागले की लेखाशाखेतल्या मॅडमचं इंटरनेट बंद पडतं आणि बोलणी तुम्हाला बसतात. म्हणून डीएनएसमास्क ‘प्रॉक्सी डीएचसीपी’ पद्धतीने चालवावा : पत्ता राउटरच देईल, फाइल कुठे आहे एवढंच हा सांगेल. मशीन वेगवेगळ्या वर्षांच्या खरेदीतली असतील तर काही जुन्या बायोसची, काही यूईएफआयची निघतात. दोघांना वेगळी फाइल लागते, आणि मशीन आपण कोण हे डीएचसीपीच्या विनंतीतच सांगत असल्यामुळे तशी वाटणी करता येते. सही नसलेला प्रोग्राम सुरू होऊ न देणारं सिक्युअर बूट चालू असेल तर डेबियनचा सही केलेला शिम हा छोटा बूट प्रोग्राम वापरावा, सिक्युअर बूट बंद करत फिरू नये. वायफायवरून यातलं काहीही होत नाही, केबलच हवी.

आता इंटरनेटचं गणित. एका मशीनला साधारण दोन जीबीची पॅकेजेस धरली तर वीस मशीनना चाळीस जीबी. २० एमबीपीएसच्या लाइनवर याला आदर्श परिस्थितीतही साडेचार तास लागतात, आणि किनवट किंवा देवणीला परिस्थिती आदर्श किती असते हे तिथलं कुणीही सांगेल. त्याच लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्राम ठेवला की पहिलं मशीन बाहेरून माल आणतं, पुढच्या एकोणिसांना तो घरातूनच मिळतो. बाहेरून येतात दोनच जीबी, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. उरलेले ३८ जीबी १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवरून पाऊण-एक तासात जातात. स्विच गिगाबिटचा असेल तर अडसर लॅपटॉपच्या डिस्कचा उरतो. माल आधी लॅपटॉपवर साठावा म्हणून पहिल्यांदा एकच मशीन पूर्ण करावं, ते तपासावं, मगच बाकीची सुरू करावीत. महाग, सेटिंगवाला स्विच असेल तर आणखी एक खोच असते : केबल जिवंत झाल्यावर तो तीसेक सेकंद फेरा तपासतो आणि तोवर पीएक्सई कंटाळून सोडून देतं. त्या पोर्टांवर ही वाट पाहणं टाळणारं पोर्टफास्ट हे सेटिंग चालू करावं.

लाईटचं काय? लॅपटॉपला बॅटरी असते, स्विचला नसते. म्हणून यूपीएसवर पहिला हक्क स्विचचा. एखादं मशीन अर्ध्यातच बंद पडलं तर पुन्हा एफ १२ दाबायचं. उत्तरपत्रिका आहेच.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेखांक लिहिला. प्रीसीडमध्ये डिस्कचे भाग पाडण्याचं उत्तरही लिहून ठेवता येतं. तसं केलं की इन्स्टॉलर कुणालाही न विचारता डिस्क पुसतो. ज्या मशीनचा पहिला बूट पर्याय नेटवर्क असा लावलेला आहे, ते त्या दिवशी चुकून चालू झालं तरी पुसलं जातं. आपल्याकडच्या कार्यालयांत डी ड्राइव्हमध्ये दहा-दहा वर्षांचा पत्रव्यवहार असतो, ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’ अशा नावांनी, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नसते. तेव्हा माझा हट्ट असा : बाकी सगळी उत्तरं लिहा, डिस्कचं कोरं सोडा. वीस वेळा थांबावं लागेल, प्रत्येक वेळी अर्धं मिनिट. पण तिथे माणसाने डोळ्यांनी पाहून ‘हो’ म्हणावं. मेनूचा आपोआप निवडला जाणारा पर्यायही ‘डिस्कवरून सुरू करा’ हाच असावा, आणि काम संपताच डीएनएसमास्क बंद करावा. पासवर्ड उघडा लिहू नये, कारण ती फाइल नेटवर्कवरचं कुणीही वाचू शकतं. कूटरूपात लिहावा आणि नंतर बदलावा.

मशीनची नावं मात्र हौसेने ठेवू नयेत. डेडस्टॉक रजिस्टरमधला क्रमांक हेच मशीनचं नाव करावं आणि त्याच ओळीत नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता लिहावा. लेखापरीक्षणाला येणाऱ्यालाही ते कळतं आणि पुढच्या वेळी डीएचसीपीलाही.

प्रीसीडच्या शेवटी एक आज्ञा लिहिता येते, जी इन्स्टॉल संपताना चालते. तिथे मराठीची सोय उरकून घ्यावी : लोहित देवनागरी फॉन्ट, टंकनासाठी आयबस आणि इनस्क्रिप्ट कळफलक. युनिकोड मजकूर लगेच दिसू लागतो. श्रीलिपीत किंवा आयएसएमच्या सुरेखमध्ये टंकलेली जुनी पत्रं मात्र लिनक्सवर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, कारण ती मुळात युनिकोडमध्ये नाहीत. हे कर्मचाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर सोमवारी सकाळी ‘तुमच्या लिनक्सने आमची पत्रं खराब केली’ असं ऐकावं लागेल. ती पत्रं युनिकोडमध्ये कशी आणायची आणि कोणती तशीच पीडीएफ करून ठेवायची, हे पुढच्या आठवड्यात.