मूळ कंट्रोलर आणि त्याचे वारस

वीजबिल भरतांना किंवा आगगाडीचें तिकीट काढतांना शहरांतील कुटुंबें दिवसांतून कितीतरी वेळां वेबसाइटचें एखादें पान मागतात. पान मागणें सोपें. परंतु ती मागणी पलीकडे कोणी स्वीकारली, मागणाराचा अधिकार कोणी तपासला आणि पान कोणी आणून दिलें, याचा विचार सहसा होत नाहीं. प्रोग्रामाच्या ज्या भागाकडे हें काम असतें त्यास कंट्रोलर म्हणतात. माहिती एकीकडे, तिचें दर्शनी रूप दुसरीकडे आणि वापरणाराच्या आज्ञा घेणारा कंट्रोलर तिसरीकडे, अशी वांटणी १९७९ सालीं नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग यांनीं अमेरिकेंतील झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत मांडली.

पीएचपी ही वेबसाइटच्या कामीं येणारी भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनीं १९९५ सालीं सर्वांस खुली केली. तींत प्रत्येक काम मुळापासून लिहीत बसणें कष्टाचें. म्हणून नेहमीं लागणारे भाग आधींच रचून ठेवलेले सांगाडे, म्हणजे फ्रेमवर्क, पुढें निघाले. २००६ सालचें कोडइग्नायटर हें त्यांपैकींच एक.

समजा, एका वाचनालयाची वेबसाइट या फ्रेमवर्कवर उभारली आहे. वर्गणीदाराचें खातें दाखविणारा एक कंट्रोलर, पुस्तकांची मागणी नोंदविणारा दुसरा आणि कचेरीचे हिशेब दाखविणारा तिसरा. आलेला मनुष्य लॉगिन करून आला आहे कीं नाहीं, हें तिन्ही ठिकाणीं पाहिलेंच पाहिजे. त्याच दहा ओळी तिन्ही ठिकाणीं उतरून काढतां येतील. परंतु सहा महिन्यांनीं चौथा कंट्रोलर लिहितांना त्या राहून गेल्या, तर वर्गणीदारांचे पत्ते आणि दूरध्वनी वाटेल त्याच्या हातीं पडतील. म्हणून ती तपासणी एकाच मूळ क्लासांत लिहावयाची आणि बाकीच्यांनीं त्याचा वारसा घ्यावयाचा. वारशाची ही कल्पनाही नॉर्वेचीच. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर यांच्या सिम्युला ६७ या भाषेंतून ती पुढें आली. पीएचपींत त्यासाठीं ‘एक्स्टेंड्स’ हा एक शब्द पुरतो.

फ्रेमवर्कचा स्वतःचा मूळ कंट्रोलर असतोच. कोडइग्नायटरच्या तिसऱ्या आवृत्तींत त्याचें नांव ‘सीआय_कंट्रोलर’. त्याच्या फाइलीस हात लावूं नये, कारण नवी आवृत्ती बसविली कीं आपले फेरफार पुसले जातात. त्याऐवजीं त्याचा वारस म्हणून ‘माय_कंट्रोलर’ हा क्लास लिहून ‘कोअर’ नांवाच्या फोल्डरांत ठेवावा. फ्रेमवर्क तो आपण होऊन उचलतें. यांतील ‘माय’ म्हणजे इंग्रजींतील ‘माझा’. परंतु मराठी कानानें आईचा अर्थ घेतला तरी बिघडत नाहीं, कारण पुढील सारे कंट्रोलर तिच्याच पोटीं जन्मतात.

घोटाळे होतात ते येथूनच. मुलानें स्वतःचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे आरंभींच्या तयारीचा भाग, लिहिला, तर पीएचपी मूळ क्लासाचा कन्स्ट्रक्टर आपण होऊन चालवीत नाहीं. त्याला नांव घेऊन हांक मारावी लागते. ही हांक राहिली तर बहुधा पानच मोडतें, आणि चूक लागलीच सांपडते. याहून वाईट चूक मुकी असते. नव्या मनुष्यानें घाईंत माय_कंट्रोलरऐवजीं सरळ सीआय_कंट्रोलरचा वारसा घेतला, तर पान उत्तम चालतें, कोठेंही तक्रार उमटत नाहीं; फक्त दारावरचा पहारा तेवढा नाहींसा होतो.

आणखी एक. मूळ क्लासांत ‘पब्लिक’ म्हणून लिहिलेली मेथड प्रत्येक वारसाच्या पत्त्यावरून बाहेरच्यालाही बोलावतां येते. ‘दंड_माफ’ ही मदतीची मेथड तशी राहिली, तर पत्त्याच्या ओळींत तें नांव टाइप करणारा वर्गणीदार आपला दंड आपणच माफ करून घेईल! अशा मेथडला ‘प्रोटेक्टेड’ करावें.

मूळ क्लास हाताशीं असला कीं त्यांत सर्व कांहीं कोंबण्याचा मोह होतो: पत्रें पाठविणें, पावत्या छापणें, चित्रें लहान करणें. हा मोह आवरलेला बरा. पीएचपींत एका क्लासाला एकच पालक असतो. ज्यास पावती नको त्याच्याही डोक्यावर ती बसते. थोड्यांनाच लागणारें काम स्वतंत्र क्लासांत ठेवावें, किंवा २०१२ सालच्या ५.४ आवृत्तीपासून मिळालेल्या ‘ट्रेट’मध्यें.

कोडइग्नायटरच्या २०२० सालच्या चौथ्या आवृत्तींत ‘बेसकंट्रोलर’ तयारच मिळतो; परंतु पहाऱ्याचें काम कंट्रोलरच्या आधीं चालणाऱ्या ‘फिल्टर’कडे देण्याची सोय तींत आहे. लाराव्हेल हें दुसरें फ्रेमवर्क तर आणखी पुढें गेलें. २०२४ सालच्या त्याच्या अकराव्या आवृत्तींत नव्या कामासाठीं मिळणारा मूळ कंट्रोलर अगदीं रिकामा असतो. त्यांत काय घालावें हें लिहिणारानेंच ठरवावयाचें.