पेशीचं अंतरंग (लेखांक ७) : कळलावी आणि जुळ्यांची कडी

पावसाळ्यात मोहोपाड्याहून खालापूरच्या बाजूला निघालं की कुंपणांवर कळलावी चढलेली दिसते. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, कडा नागमोडी. पानाचं टोक शेजारच्या काटकीला वेटोळं घालतं आणि वेल वर सरकतो. हिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन हे विष असतं. आजच्या विषयाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते, हे आपण मागे पाहिलं. ही जुळी अर्धगुणसूत्रं लगेच वेगळी होत नाहीत. भाताच्या पेंढीला बंध घालावा, तशी कोहेसिन या प्रथिनाची कडी दोघांना मिळून वेढून असते. १९९७ साली ही प्रथिनं ओळखली गेली.

हा बंध हवाच कशाला? पेशीच्या दोन टोकांकडून आलेले तुर्कतंतू जुळ्यांपैकी एकेकाला धरतात आणि आपापल्या बाजूला ओढतात. बंध घट्ट असेल तरच ताण पडतो, आणि ताण पडला की पकड बरोबर बसल्याचं पेशीला कळतं.

बंध तोडणारी कात्री म्हणजे सेपरेज. सिक्युरिन नावाचं प्रथिन तिला धरून ठेवतं. एक जोडी जरी तंतूंना नीट लागायची राहिली, तरी कात्री सुटत नाही. शेवटची जोडी लागली की सिक्युरिन नष्ट होतं, सेपरेज कडी कापतं आणि सगळी जुळी एकदमच दोन बाजूंना निघतात.

कोल्चिसिन तुर्कतंतू तयारच होऊ देत नाही. मग कात्री बंद राहते आणि पेशी थबकते. तोवर गुणसूत्राच्या बाहूंवरच्या बहुतेक कड्या गळून गेलेल्या असतात, पण मधल्या गुणसूत्रबिंदूपाशी शुगोशिन त्यांची राखण करतं. जपानी भाषेत या नावाचा अर्थच रक्षक देवता. बाहू सुटलेले, कंबर बांधलेली. पाठ्यपुस्तकात दिसणारं फुलीच्या आकाराचं गुणसूत्र हेच!

आल्बर्ट लेवान यांनी कांद्याच्या मुळांवरचा कोल्चिसिनचा परिणाम १९३८ साली मांडला होता. पुढे लेवान आणि जो हिन त्जिओ यांनी स्वीडनमधल्या लुंड इथे हीच युक्ती मानवी पेशींवर वापरली. माणसाची गुणसूत्रं ४८ नसून ४६ आहेत, हे त्यांनी १९५६ साली जाहीर केलं.

जे विष प्रयोगशाळेत पेशी थांबवतं, ते शरीरातही थांबवतं. आतड्याच्या अस्तरातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून तिथे मोठा घाव बसतो. कळलावीचा कंद रताळ्यासारखा दिसतो, हा धोका आणखी वेगळा. तेव्हा फूल जरूर पाहा, मुलांनाही दाखवा. कंद मात्र उकरू नका. चुकून कुणाच्या पोटात गेलाच, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.