मनगटात दम येतो कुठून? ‘बीम’वर हात सुटणाऱ्यांनी समजून घ्यावे असे फोरआर्मचे गणित

छत्रपती संभाजीनगर : गोगाबाबा टेकडीचा परिसर असो की गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल, पहाटे भरतीचा सराव करणाऱ्या अनेक मुलांची अडचण सारखीच असते. धावण्याची वेळ सुधारते, छाती-खांदे भरतात, पण बीमवर सहावा-सातवा पुलअप आला की हातच सुटतो. पाठीत जोर शिल्लक असतो, बोटे मात्र साथ सोडतात. मग कोणी स्प्रिंगचा ग्रिपर आणून दिवसातून दोनशे वेळा दाबतो, कोणी रोज डंबेलने मनगट वर-खाली करत बसतो, तर कोणी जिममध्ये मिळणाऱ्या ‘इंजेक्शन’ची चौकशी करतो.

कोपरापासून मनगटापर्यंतच्या या भागाला जिमच्या भाषेत ‘फोरआर्म’ म्हणतात. तो नेमका वाढतो कसा, किती दिवसांत वाढतो आणि कुठे चुकले तर दुखापत होते, हे सविस्तर पाहूया.

एका पुलअपची किंमत किती?

अग्निवीर जनरल ड्युटीच्या शारीरिक चाचणीत १०० पैकी ६० गुण १.६ किलोमीटर धावण्याला आणि ४० गुण बीमला आहेत. १० पुलअप काढले तर पूर्ण ४० गुण मिळतात. ९ ला ३३, ८ ला २७, ७ ला २१ आणि ६ ला फक्त १६. म्हणजे सहाव्यावर हात सुटला तर २४ गुण तिथेच जातात.

जिल्हा पोलीस शिपाई भरतीत बीम नसतो, पण मैदानी चाचणीच्या ५० पैकी १५ गुण गोळाफेकीला आहेत. पुरुषांसाठी गोळा ७.२६० किलोचा, महिलांसाठी ४ किलोचा. ताकद पाय आणि कमरेतून येत असली, तरी गोळ्याला शेवटचा झटका मनगट आणि बोटेच देतात. त्यामुळे फोरआर्म हा केवळ टी-शर्टच्या बाहीबाहेर दिसणाऱ्या हाताचा विषय नाही.

फोरआर्ममध्ये नेमके असते काय?

कोपर ते मनगट एवढ्या भागात सुमारे २० स्नायू असतात. विशेष म्हणजे बोटांच्या आत स्नायू नसतात. मूठ आवळण्याचे मुख्य काम फोरआर्मचे स्नायू करतात आणि त्यांची ओढ लांब कंडरांमधून बोटांपर्यंत पोहोचते. वाळूजमध्ये तयार होणाऱ्या बाईकची क्लच केबल आठवा. लिव्हर एकीकडे, क्लच दुसरीकडे आणि मधे केबल. इथे स्नायू ओढतो, कंडरा केबलचे काम करते आणि बोट वाकते.

सोयीसाठी या स्नायूंचे तीन गट करता येतील.

- आतली बाजू (तळहाताकडची): मूठ आवळणारे आणि मनगट आत वाकवणारे स्नायू. फोरआर्मचा मोठा भाग यांचाच.
- बाहेरची बाजू: बोटे उघडणारे आणि मनगट मागे नेणारे स्नायू. पकड घट्ट असताना मनगट स्थिर ठेवतात तेही हेच.
- अंगठ्याच्या बाजूचा जाड स्नायू: ब्रॅकिओरेडियालिस. कोपर वाकवायला मदत करतो. हातोडी धरल्यासारखी मूठ करून वजन उचलले की कोपराजवळ जो उभार दिसतो, तो हा.

फक्त ग्रिपर दाबला तर पहिल्याच गटाला काम मिळते. तेही हलक्या वजनाने शेकडो वेळा, त्यामुळे दमछाक सोसण्याची क्षमता वाढते, आकार फारसा वाढत नाही.

तालमीत वेगळा व्यायाम नव्हता, मग मनगटे कशी तयार झाली?

मराठीत ताकदीचा सगळा मान मनगटाला आहे. ‘मनगटात जोर’ म्हणतात, ‘दंडात जोर’ सहसा कोणी म्हणत नाही. यामागे तालमीचा अनुभव आहे. तालमीत फोरआर्मसाठी वेगळा दिवस नसे. पैलवान फावड्याने हौद्याची माती उकरत, मुद्गल आणि गदा फिरवत, दोर चढत आणि तासभर एकमेकांची मनगटे, मान, पाय धरून झटापट करत. यातल्या प्रत्येक कामात जड किंवा निसटणारी वस्तू धरून ठेवावी लागते. बीड जिल्ह्यातून पुढे येऊन २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकणाऱ्या राहुल आवारेंच्या फ्रीस्टाइल कुस्तीतही पकडीची झटापट हाच डावाचा पाया असतो.

मल्लखांबाचेही तसेच. दोरीच्या मल्लखांबावर मुली शरीराचे संपूर्ण वजन हातापायाच्या पकडीवर तोलतात. गावाकडे रोज हाताने धारा काढणाऱ्या किंवा विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या माणसाची पकड घट्ट का असते, याचे उत्तरही इथेच आहे. फोरआर्म मोठा होतो तो मुख्यतः धरून ठेवण्याने, उचलून नेण्याने आणि लटकण्याने. मनगटाचे कर्ल हा त्याला जोड देणारा व्यायाम आहे.

१० किलोचे डंबेल, पण ताण ४० किलोचा

थोडे गणित. मनगटाच्या सांध्यापासून डंबेलचे अंतर साधारण ८ सेंटीमीटर धरू. मनगट वाकवणाऱ्या कंडरा मात्र सांध्यापासून जेमतेम २ सेंटीमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने १० किलोचे डंबेल पेलायला कंडरांवर एकत्रित ४० किलोच्या आसपास ओढ येते. म्हणून मनगट कर्लमध्ये वजन हलके आणि हालचाल सावकाश हवी. मित्राने २० किलो घेतले म्हणून आपणही घेतले, तर फटका स्नायूपेक्षा कंडरेला बसतो.

बीमवरचे गणित वेगळे आहे. ६५ किलोचा मुलगा लटकला की प्रत्येक हातावर साडेबत्तीस किलो आणि प्रत्येक बोटावर सरासरी ८ किलो येतात. अंग झुलले की यात आणखी भर पडते. वजन दोन-तीन किलोने कमी झाले तरी पुलअप का वाढतात, हे यातून कळते.

पाइपची जाडीही महत्त्वाची. जिममधला पुरुषांचा ऑलिंपिक बार २८ मिलिमीटर जाडीचा असतो. पाइप त्याहून जाड झाला की बोटे पूर्ण वळत नाहीत आणि पकड लवकर सुटते. म्हणून सराव एकाच बारवर न करता जाड पाइपवरही करावा. जाड पाइप नसेल तर बारला टॉवेल गुंडाळावा.

१२ आठवड्यांचा आराखडा

आठवड्यातून दोन दिवस, पाठीचा किंवा बीमचा सराव संपल्यावर. दोन दिवसांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवा.

१. बीमला नुसते लटकणे : २० ते ३० सेकंद, ३ वेळा. हळूहळू ६० सेकंदांपर्यंत न्या. खांदे कानापर्यंत जाऊ देऊ नका.

२. दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे (फार्मर्स वॉक) : ३० मीटर, ३ फेऱ्या. डंबेल नसतील तर पाण्याच्या बादल्या घ्या. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरात त्या घरोघरी असतातच. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे साधारण १५ किलो. कडी पक्की आहे ना, ते आधी बघा.

३. हॅमर कर्ल : अंगठा वर ठेवून, १० वेळा, २ सेट.

४. मनगट कर्ल, सरळ आणि उलटा : हात मांडीवर टेकवून, प्रत्येकी १२ ते १५ वेळा, २ सेट. वर नेताना एक सेकंद, खाली आणताना तीन सेकंद.

५. रबर बँडने बोटे उघडणे : बोटांभोवती जाड रबर बँड लावून २० वेळा, २ सेट. हा व्यायाम बहुतेक जण टाळतात, पण बाहेरच्या बाजूच्या स्नायूंना काम याच्यातूनही मिळते.

पहिले चार आठवडे फक्त पद्धत पक्की करा. पाचव्या ते आठव्या आठवड्यात वेळ किंवा वजन थोडे वाढवा, दोन्ही एकदम नको. नवव्यापासून आठवड्यातून एकदा टॉवेल धरून लटकण्याचा सराव जोडा. डेडलिफ्ट किंवा रोइंग करताना हाताला बांधायचे पट्टे सर्वांत जड सेटपुरतेच वापरा. प्रत्येक सेटला पट्टा लावला तर फोरआर्मला कामच उरत नाही.

फरक कधी दिसेल?

पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण हात तेवढाच दिसतो. कारण सुरुवातीला मेंदू आणि नसा आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरायला शिकतात. आकारातला फरक सहा ते आठ आठवड्यांनंतर जाणवू लागतो. कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या आणखी सावकाश मजबूत होतात. स्नायू ‘आणखी वजन वाढव’ म्हणत असताना कंडरा तयार नसतात आणि बहुतेक दुखापती याच काळात होतात.

मोजमाप महिन्यातून एकदाच घ्या. सकाळी, व्यायामाआधी, कोपराखाली हात सर्वांत जाड असतो तिथे टेप लावा. व्यायामानंतरचा फुगीरपणा रक्तामुळे असतो, तो मोजण्यात अर्थ नाही. मनगटाच्या हाडाची रुंदी आणि स्नायूची लांबी जन्मजात ठरते. त्यामुळे तुलना मित्राच्या हाताशी नको, आपल्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी करा.

आहारात काय हवे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. स्नायू वाढवण्यासाठी वजनाचा व्यायाम करणाऱ्यांना साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते. ६५ किलोच्या तरुणासाठी हा आकडा १०४ ग्रॅम होतो. ५० ग्रॅम सोया चंक्समधून सुमारे २५ ग्रॅम, एका अंड्यातून ६ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यात वरण, मटकी, दूध आणि ज्वारीची भाकरी धरली तर हा आकडा डब्याशिवायही गाठता येतो. याच संस्थेने २०२४ च्या आहारविषयक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला आहे. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

‘इंजेक्शन’चा सल्ला मिळाला तर?

राज्यातल्या अनेक शहरांत मेफेंटरमाइन या इंजेक्शनच्या बेकायदा विक्रीवर कारवाया झाल्या आहेत. शस्त्रक्रियेवेळी भूल दिल्यानंतर घसरलेला रक्तदाब वाढवण्यासाठी हे औषध वापरतात. जिममध्ये ते ‘दम वाढतो’ म्हणून दिले जाते. त्याने स्नायू बनत नाहीत, फक्त थकवा जाणवत नाही. दुसरीकडे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतात आणि सवयही लागते. स्टिरॉइडमुळे स्नायू फुगतात, पण कंडरा त्या वेगाने मजबूत होत नाहीत. त्यामुळे त्या तुटण्याचा धोका वाढतो. यकृत, हृदय आणि प्रजननक्षमतेवर होणारे परिणाम वेगळेच. भरतीसाठी वर्षभर घाम गाळून वैद्यकीय तपासणीत अडकण्याची जोखीम कोणी घेऊ नये.

कधी थांबायचे?

- कोपराच्या बाहेरच्या किंवा आतल्या हाडाजवळ बोट लावल्यावर दुखत असेल तर दोन आठवडे वजन कमी करा. तरीही दुखले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.
- अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातली नस दबत असू शकते.
- अति व्यायामानंतर हात टणक होऊन सुजला, असह्य दुखू लागला किंवा लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, तर थेट रुग्णालय गाठा. यात घरगुती उपाय करत बसू नये.
- रक्तदाबाचा त्रास असेल तर श्वास रोखून लटकणे किंवा जड वजन धरणे टाळा.

भरती नाही, मग मला काय उपयोग?

भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार प्रौढांचा अभ्यास २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पकडीची ताकद ५ किलोने कमी असण्याचा संबंध मृत्यूच्या १६ टक्के अधिक धोक्याशी आढळला. पकड वाढवली की आयुष्य वाढते, असा याचा अर्थ नाही. पकड हा एकूण शरीराच्या ताकदीचा आरसा आहे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पुरुषांमध्ये २८ आणि महिलांमध्ये १८ किलोपेक्षा कमी पकड हे स्नायू अशक्त झाल्याचे लक्षण मानतात. घरातल्या आजींना बरणीचे झाकण उघडत नसेल किंवा आजोबांना पिशवी जड वाटू लागली असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. हलकी पिशवी धरून चालणे त्यांनाही जमते. वजन तेवढे डॉक्टरांना विचारून ठरवा.

थोडक्यात : आठवड्यातून दोन दिवस लटका, उचलून चाला, बोटे उघडण्याचा व्यायाम चुकवू नका आणि तीन महिने धीर धरा. चाचणीला चारच आठवडे उरले असतील तर आकाराचा विचार सोडून फक्त लटकण्याचा आणि बीमचा सराव करा. शेवटचे दोन-तीन दिवस मात्र हातांना पूर्ण विश्रांती द्या.