पटावर आहे, वर्गात नाही

वऱ्हाडातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे हजेरीपत्रक निवांत चाळले, तर त्यातून पीकपाणी कळते. सप्टेंबर सरता सरता सोयाबीन सोंगणीला आले की गैरहजेरीच्या खुणा वाढतात. सीतादहीची पूजा आटोपून कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की त्या दाट होतात आणि हरभरा घरी येईपर्यंत कमी-जास्त प्रमाणात टिकून राहतात. मार्चमध्ये होळी, एप्रिलमध्ये ऊन. अकोल्याचा पारा पंचेचाळिशी गाठतो म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. 2025 मध्ये इतरत्र 16 जूनला घंटा वाजली, विदर्भात 23 जूनला. उन्हाचे म्हणणे शासनाला मान्य आहे. सोंगणी-वेचणीचे म्हणणे मात्र शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नाही.

“काऊन रे, काल काऊन नाही आला?”

“वावरात गेल्तो, सर.”

गैरहजेरीची चौकशी बहुतेक वेळा एवढ्यावर आटोपते. आता प्रत्येक पोरगं कापूस वेचायलाच जाते असे नाही. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मायने दोन किलो जास्त वेचावा म्हणून पाचवी-सहावीतली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबते. ती काम करताना कुणाला दिसत नाही, म्हणून तिला बालमजूरही कुणी म्हणत नाही. बालमजुरीच्या कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीने घरच्या कामात हातभार लावायला मुलांना मुभा दिली, पण ती शाळा सुटल्यानंतर आणि सुट्ट्यांपुरती. शाळा बुडवून नव्हे. ही अट किती घरांपर्यंत पोचली, हे ज्याला पाहायचे असेल त्याने नोव्हेंबरातल्या सोमवारी कोणत्याही खेड्यातल्या सातवीच्या वर्गात डोकावावे.

हजेरीचा नियम म्हणजे ‘75 टक्के’, अशी पालकांची समजूत असते. ती दहावी-बारावीपुरती बरोबर आहे. त्याआधीच्या आठ वर्षांचा नियम अगदी निराळा आहे, आणि वऱ्हाडातला सगळा घोळ या दोन नियमांच्या मधल्या फटीत आहे.

पहिली ते आठवीला शिक्षण हक्क कायदा लागू आहे. तो 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून किमान 200 दिवस आणि 800 तास भरली पाहिजे, सहावी ते आठवीची 220 दिवस आणि 1000 तास. हा हिशेब शाळेसाठी आहे. मुलाने त्यातले किती दिवस यावे, याचा आकडा कायदा सांगत नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येणार नाही, हे मात्र तो सोळाव्या कलमात स्पष्ट सांगतो. त्याच कलमातली नापास न करण्याची तरतूद 2019 मध्ये सैल झाली आणि महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. गैरहजर राहिला म्हणून छडी मारायलाही सतराव्या कलमाची मनाई आहे.

मग ‘सक्तीचे शिक्षण’ म्हणतात ती सक्ती कोणावर? कायद्याचे आठवे कलम उत्तर देते: शासनावर. मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि आठवीपर्यंतचे शिक्षण पूर्ण होणे या तिन्ही गोष्टी घडवून आणणे हे सरकारचे बंधन आहे. मुलाला शाळेत घालणे हे दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरवले, पण त्यांना दंड ठेवला नाही.

हे वळण नवे आहे. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. त्याआधी 1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. इंग्लंड अजूनही पालकांनाच पकडते. तिथे ऑगस्ट 2024 पासून विनापरवानगी गैरहजेरीचा दंड 60 पौंडांवरून 80 पौंड झाला. शाळेचे पाच दिवस बुडाले की दंडाची टांगती तलवार येते, आणि ती प्रामुख्याने स्वस्त विमान तिकिटाच्या मोहाने सुट्टीआधीच फिरायला निघणाऱ्या कुटुंबांवर चालते. मेळघाटातून वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाला असा दंड लावून काय वसूल होणार? आपल्या कायद्याने दंड टाळला हे शहाणपणाचेच झाले. पण दंडाची जागा घेईल अशी दुसरी व्यवस्था उभी करायची होती, ती अर्धवट राहिली.

ही उणीव वऱ्हाडाने सरकारच्या आधी ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनातून मायबापांना खडसावत, की बाकी काहीही कमी करा पण पोरांना शिकवा. आणि नुसते खडसावून न थांबता त्यांनी धर्मशाळांसोबत वसतिगृहेही उभारली. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. राहण्याजेवण्याची सोय झाली की मूल वर्गात टिकते, हे गणित या दोघांना ठाऊक होते. सरकारनेही पुढे त्याच गणिताचे तुकडे वापरले. 1992 पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या जमातींतल्या चौथीपर्यंतच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. 1995 मध्ये आलेल्या पोषण आहार योजनेत सुरुवातीला 80 टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी जाई. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2001 मध्ये शिजवलेले अन्न द्यायला सांगितले आणि खिचडी आली. रोज शाळेत येण्यासाठी खिचडीइतके सरळ कारण दुसरे कोणी शोधलेले नाही. भत्त्याचा रुपया मात्र वाढत्या महागाईत रुपयाच राहिला, आणि एका दिवसाच्या वेचणीच्या मजुरीपुढे तो ठेवून पाहण्याचीही सोय नाही.

नाव काढता येत नाही, या नियमाची दुसरी बाजूही पाहावी लागते. पटावर जितकी नावे, त्यावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदे. न येणारे मूल पटावर राहिले तर ते शाळेच्या पथ्यावरच पडते. ही सोय किती खोल गेली होती, ते 2011 मध्ये उघड झाले. नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या पटाची झडती घेतली, आणि पाठोपाठ 3 ते 5 ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली. एकाच मुलाला दोन शाळांत मोजू नये म्हणून मतदानासारखी बोटाला शाई लावली गेली. कागदावरची लाखो मुले वर्गात सापडली नाहीत. पडताळणीने बोगस नावे हुडकली, ते चांगलेच झाले. पण ज्याचे नाव खरे आहे आणि जो वर्गात नाही, तो त्या तीन दिवसांत कुठे होता हा प्रश्न शाईच्या बाटलीच्या आवाक्यातला नव्हता.

तेव्हापासून मोजण्याच्या युक्त्या वाढत गेल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये आदेश निघाला, की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून सरल प्रणालीवर टाकावी. शिक्षक संघटना बिथरल्या, लोक हसले, आणि निर्णय गुंडाळला गेला. 1 डिसेंबर 2023 पासून स्विफ्टचॅट ॲपवरच्या चॅटबॉटमध्ये रोजची हजेरी भरायची आहे, ती पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जाते. धारणी-चिखलदऱ्यातल्या ज्या गावांत फोनला रेंज यायला टेकडी चढावी लागते, तिथल्या गुरुजींनी या बॉटविषयी काय म्हटले ते पुरवणीत छापण्यासारखे नसावे. आणि समजा रेंज आली, मूल गैरहजर आहे हे पुण्याला कळले. पुढे?

पुढचा नियमही आहे. सलग एक महिन्याहून जास्त काळ न येणारे मूल महाराष्ट्रात ‘शाळाबाह्य’ धरले जाते. मग त्याला शोधून परत आणणे, वयानुरूप वर्गात बसवणे आणि तीन महिने ते दोन वर्षांपर्यंतचे विशेष प्रशिक्षण देऊन मागे पडलेला अभ्यास भरून काढणे, हे सारे आले. 4 जुलै 2015 ला एका दिवसात राज्यभर अशी मुले शोधली गेली. 2022 मध्ये 5 ते 20 जुलै ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ झाले. तारखांकडे वऱ्हाडी डोळ्यांनी पाहावे: दोन्ही मोहिमा जुलैच्या. तेव्हा पेरणी उरकलेली असते आणि स्थलांतरित कुटुंबेही गावात असतात. मोहीम डिसेंबरात काढली असती तर मेळघाटात वेगळीच यादी हाती आली असती.

कारण दिवाळी झाली की मेळघाटातली कोरकू कुटुंबे कामाला बाहेर पडतात. कुणी परतवाडा-अमरावतीच्या बांधकामावर जाते, कुणी अकोट-तेल्हाऱ्याकडे शेतीकामाला, कुणी वीटभट्टीवर, कुणी थेट सीमेपलीकडे मध्य प्रदेशात. घरी लहान मूल ठेवायला आजी नसेल तर तेही बोचक्यासोबत निघते. परत येण्याचा मुहूर्त ठरलेला असतो, होळी. कोरकूंचा सर्वांत मोठा सण तोच, त्याला माणूस कुठूनही गावी पोचतो. दिवाळीची सुट्टी वगळून होळीपर्यंतचे शाळेचे दिवस मोजले तर ते नव्वदच्या आसपास भरतात. वर्षाचे 220 दिवस आणि 75 टक्क्यांचा नियम धरला तर बुडवण्याची मुभा 55 दिवसांची. म्हणजे एका हंगामातच हे मूल नियमाच्या पार पलीकडे जाते, तेही वर्गातल्या कोणाशी भांडण नसताना आणि अभ्यासाची नावड नसताना.

यावर कागदावरचा उपाय चांगला आहे. शिक्षण हमी पत्रक. कुटुंब निघण्याआधी गावच्या शाळेने मुलाची इयत्ता आणि प्रगती लिहून हे पत्रक द्यायचे, जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेने ते पाहून दाखल्याशिवाय वर्गात बसवायचे, आणि परतताना तिथली नोंद घेऊन मूल मूळ शाळेत यायचे. दुसरा उपाय हंगामी वसतिगृहांचा, जो मराठवाड्यात ऊसतोड मजुरांच्या मुलांमुळे जास्त ओळखीचा आहे: मायबाप कामावर, मूल गावातच नातेवाइकाकडे, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीकडे. अडचण अशी, की ऊसतोडीला टोळी निघते, मुकादम असतो, तारीख ठाऊक असते. मेळघाटातले कुटुंब रात्री निरोप आला की पहाटेच्या गाडीला बसते. पत्रक लिहायला गुरुजींना सापडतेच कुठे? म्हणून 2017 च्या सुमारास सुरू झालेल्या ‘बालरक्षक’ चळवळीचे मोल वेगळे. जे शिक्षक आपणहून वीटभट्ट्या आणि पाल पालथे घालून मुलांना जवळच्या शाळेत नेऊन बसवतात, ते कायद्याच्या आठव्या कलमातले सरकारचे काम करतात, बहुधा स्वतःच्या पेट्रोलवर.

आठवीपर्यंत असे चालून जाते. नाव कापले जात नाही, वर्गही पुढे सरकतात. मग दहावी येते आणि राज्य मंडळाची 75 टक्के हजेरीची अट समोर उभी राहते. अमरावती विभागीय मंडळाच्या अखत्यारीत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम हे पाच जिल्हे आहेत. आजारपणासारखे सबळ कारण असेल तर शाळेमार्फत तिथे क्षमापनाचा प्रस्ताव जातो. वैद्यकीय प्रमाणपत्र चालते. ‘वेचणी’ हे कारण कोणत्या रकान्यात लिहायचे? आठ वर्षे ज्या गैरहजेरीला कोणी विचारले नाही तिचा जाब एकदम एका वर्षी, आणि तोही मुलालाच, विचारला जातो. मग ‘17 नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून परीक्षा द्यायची, नाहीतर सोडून द्यायचे.

याच नियमाची श्रीमंत आवृत्ती अकोल्यात पाहायला मिळते. नीट-जेईईच्या शिकवण्यांसाठी बुलडाणा-वाशिमकडचीही मुले तिथे खोल्या करून राहतात. शिकवणीची हजेरी एक दिवस चुकली तर घरी मेसेज जातो. कनिष्ठ महाविद्यालयात नुसते नाव घालून शिकवणीतच दिवस काढण्याच्या प्रकाराला आळा घालण्यासाठी सरकारने जून 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. तरी नाव एकीकडे आणि मूल दुसरीकडे, हा रिवाज राज्यभर टिकून आहे. शिकवणीत बसलेल्या मुलाचे 75 टक्के कागदावर भरतात; वावरात गेलेल्याचे भरत नाहीत.

वऱ्हाडातली काही गैरहजेरी तर निव्वळ एसटीची आहे. मानव विकास योजनेच्या निळ्या बसने खेड्यांतल्या शेकडो मुली आठवीनंतर शाळेत टिकल्या. ती बस नादुरुस्त झाली, लग्नसराईत दुसरीकडे वळवली किंवा वेळ चुकली, की एका गावच्या सगळ्या मुली एका दिवशी गैरहजर दिसतात. 2021-22 च्या लांबलेल्या एसटी संपात हे दिवस महिन्यांवर गेले.

पालकांना यात करता येण्यासारखे थोडे आहे, पण आहे. बाहेरगावी निघायचे असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधीच हमी पत्रक मागून घ्यावे. ते देणे शाळेचे काम आहे. नव्या गावात दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारला, तर पाचवे कलम दाखवावे, तसा नकार देता येत नाही. वर्षाच्या मध्येच आले म्हणूनही परत पाठवता येत नाही. आठवीपर्यंतच्या मुलाचे नाव कमी केले असेल तर लेखी कारण मागावे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. सोंगणीच्या पंधरवड्यात शाळा सकाळची भरवता येईल का, हा विषय ऑगस्टच्या बैठकीत काढायला कोणाची मनाई नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरतेच की.