हातातील कंडरावरणाचा जंतुसंसर्ग : स्वरूप, निदान व उपचार

प्रस्तावना :
'काट्याचा नायटा होणे' ही म्हण हाताच्या बाबतीत शब्दशः खरी ठरू शकते. बोटाच्या तळव्याकडील बाजूस काटा, सुई वा तार रुतते. जखम दिसेनाशी होते आणि एक-दोन दिवसांत संपूर्ण बोट ठणकू लागते. ज्यांची उपजीविका हातावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी या विकाराचे वेळीच निदान होणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

रचना व प्रसार :
स्नायूंचे बळ हाडापर्यंत पोहोचविणाऱ्या चिवट दोऱ्यांना कंडरा म्हणतात. बोटे मिटविणाऱ्या कंडरा एका बंद नलिकाकार आवरणातून सरकतात. आवरणातील अल्पसा द्रव घर्षण कमी करतो व कंडरेचे पोषणही करतो. जंतू आत शिरल्यास हाच द्रव त्यांच्या वाढीस पोषक ठरतो. पू साचून दाब वाढतो, रक्तपुरवठा खंडित होतो आणि कंडरा मृत होऊ लागते. बहुतांश रुग्णांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू कारणीभूत असतो.

तर्जनी, मधले बोट व अनामिका यांची आवरणे सामान्यतः बोटाच्या मुळाशी संपतात. अंगठा व करंगळी यांची आवरणे मात्र बहुधा मनगटापर्यंत जातात व अनेकांत तेथे परस्परांशी जोडलेली असतात. त्यामुळे करंगळीतील पू अंगठ्यात, तसेच मनगटाच्या वर अग्रबाहूतही पसरू शकतो.

लक्षणे :
शिकागो येथील शल्यचिकित्सक ॲलन कॅनाव्हेल यांनी या प्रसारमार्गांचा सखोल अभ्यास करून १९१२ मध्ये हाताच्या जंतुसंसर्गावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चार लक्षणे आजही निदानाचा पाया आहेत : (१) बोट किंचित वाकलेले राहणे, (२) संपूर्ण बोटास सारखी सूज येणे, (३) आवरणाच्या संपूर्ण मार्गावर दाबल्यास वेदना होणे आणि (४) दुसऱ्याने बोट सरळ करताच तीव्र कळ येणे. आरंभी चारही लक्षणे असतीलच असे नाही.

क्षयरोगाचे जंतूही कंडरावरणास ग्रासतात. त्यात वेदना कमी असते, सूज महिनोन्महिने सावकाश वाढते आणि आवरणात तांदळाच्या दाण्यांसारखे कण आढळू शकतात. त्याचे निदान ऊतीच्या तपासणीने होते व औषधे अनेक महिने घ्यावी लागतात.

उपचार :
रुग्ण अगदी आरंभी आल्यास त्यास रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके दिली जातात. हात उंच व आधार देऊन स्थिर ठेवला जातो. धनुर्वाताच्या लसीचीही खातरजमा केली जाते. सुमारे २४ तासांत स्पष्ट सुधारणा न झाल्यास शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. आवरण दोन्ही टोकांशी उघडून बारीक नळीद्वारे क्षारजलाने धुतले जाते व पूचा नमुना तपासणीस पाठविला जातो. विलंब झाल्यास मृत भाग काढावा लागतो; क्वचित बोटही गमवावे लागते. मधुमेही रुग्णांत हा धोका अधिक असतो. सूज ओसरताच बोटांचे व्यायाम सुरू करणे अगत्याचे असते, अन्यथा कंडरा आवरणास चिकटून बोट कायमचे ताठ राहते.

निष्कर्ष :
या विकारात जखमेच्या आकारावरून गांभीर्य ठरविता येत नाही. शेक, लेप किंवा घरीच सुईने टोचून पू काढण्याचा प्रयत्न यांत जाणारा प्रत्येक दिवस बोटाची हालचाल हिरावून घेऊ शकतो. सुजलेले बोट सरळ करताना असह्य कळ येत असेल, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जाणे हाच सुरक्षित मार्ग होय.